शास्त्रज्ञाचं चित्र आणि दीड घमेलं माती

महाडला जाऊन आले म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग रायगडावर गेलात का?" नाही गेले. चवदार तळं पाहिलं तेसुद्धा रिक्षातून. सावित्री पाहिली ती दासगावजवळ, गढूळ आणि दोन्ही काठांना टेकलेली. रिक्षावाला म्हणाला, "आज पानी कमी हाय." कमी पाणी हे असं असेल तर जास्त कसं असतं, ते मी विचारलं नाही. श्रावण चालू होता, ऊन-पावसाचा खेळ चालण्याचे दिवस, पण त्या आठवड्यात ऊन काही खेळायला आलं नाही.

मी गेले होते बालवाडीच्या होऊ घातलेल्या शिक्षिकांना विज्ञान शिकवायला. ठाण्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी हेच करते. पाच दिवसांचं शिबिर होतं. त्यातल्या गुरुवारबद्दल सांगताना अजूनही भीती वाटते, आणि त्याआधीच्या सोमवारबद्दल सांगताना मान खाली जाते. दोन्ही सांगते.

सोमवार, महाड

एका मंगल कार्यालयाचा हॉल होता. मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातली थर्माकोलची अक्षरं अर्धी उरली होती. समोर सतरंजीवर तीसेक बायका बसल्या होत्या, काही विशीतल्या, काही चाळिशीला आलेल्या. पहिल्याच तासाला मी माझा नेहमीचा पत्ता टाकला. प्रत्येकीला कोरा कागद दिला आणि म्हटलं, "शास्त्रज्ञाचं चित्र काढा. पंधरा मिनिटं."

हा खेळ मी बऱ्याच गावांत खेळले आहे आणि काय निघणार ते मला आधीच पाठ असतं. पुरुष. चष्मा. डोक्यावर एक तर टक्कल, नाहीतर विजेचा झटका बसल्यासारखे केस. पांढरा कोट, हातात नळी, नळीतून धूर. खरं सांगायचं तर मला हा क्षण फार आवडतो, कारण त्यानंतर मला शहाणपणा करायला मिळतो. "यात एकही बाई कशी नाही? तुम्हीच असं समजता, तर तुमच्या पोरी काय समजतील?" मग सगळ्या खाली बघतात आणि मी पाणी पिते.

त्या दिवशीही तेच निघालं. एक चित्र मात्र वेगळं होतं. पांढऱ्या दाढीचा, चष्मेवाला माणूस खुर्चीवर बसलेला, आणि त्याच्यासमोर बायामाणसं हात जोडून उभी. चित्र काढणारी संगीता, पोलादपूरच्या वरच्या एका धनगरवाड्यावरची, पंचविशीतली बारीक पोरगी. वाड्यावरच्या सात मुलांची बालवाडी ती आपल्या घराच्या पडवीत चालवत होती. मी तो कागद उंच धरला.

"हा शास्त्रज्ञ आहे की देव? नैवेद्य तेवढा दाखवायचा राहिलाय!"

हॉल हसला. संगीताही तोंडाला पदर लावून हसली. मग तिने विचारलं, "बाई, पन हा मानूस बोलावल्यावर येतो का हो खरंच?"

आणखी हशा. मला वाटलं, पोरगी माझी थट्टा परतवते आहे. मी म्हटलं, "येतो की! नवस बोल."

चित्राच्या कोपऱ्यात मी लाल पेनाने लिहिलं, "साचेबंद." मग आम्ही जेवायला उठलो. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि कुळथाचं पिठलं होतं. मी दोनदा पिठलं मागून घेतलं.

मंगळवार

दुपारी ताटं घासताना संगीताच्या शेजारी बसणारी एकजण मला म्हणाली, "मॅडम, ती काल गंमत नव्हती करत. तिच्या घराला भेग पडलीय. डोंगरच फाटतोय म्हणतात. ग्रामपंचायतीनं अर्ज केला होता, आता गुरुवारी कोणतरी शास्त्रज्ञ येणार हायेत बघायला."

गुरुवारीच आम्हीही संगीताची बालवाडी बघायला वर जाणार होतो. म्हणजे 'आम्ही' ठरलं होतं, पण पाऊस बघून बाकीच्यांनी माघार घेतली आणि मी एकटी उरले. त्या दुपारी संगीताला बाजूला घेऊन चुकलं म्हणायला हवं होतं. ती हात पुसत समोरच उभी होती. मी म्हटलं, "उद्या रजा घेतेयस ना?" ती म्हणाली, "हो, पडवी सारवायची हाय." मी मान हलवली आणि वर्गात गेले. शिकवणाऱ्या माणसाला चुकलं म्हणण्याची सवय नसते हेच खरं.

गुरुवार, धनगरवाडा

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पोलादपूरहून आत जाणारा रस्ता जिथे संपतो तिथे पायथ्याचं गाव आहे, सगळं भातशेतीत बुडालेलं. तिथून वाड्यावर जायला तासाभराची पायवाट. संगीता मला घ्यायला खाली आली होती. सोबत गावातले तुकारामदादा होते, साठीचे शेतकरी, डोक्यावर प्लास्टिकचं घोंगतं आणि हातात काठी.

शाळेजवळ एक जीप उभी होती. पांढरी दाढी, जाड चष्मा, धुवट पांढरा शर्ट, अगदी संगीताच्या कागदातून उतरून आल्यासारखे एक गृहस्थ बॉनेटवर नकाशा पसरून बघत होते. शेजारी एक बुटकी पोरगी चिखलाचे बूट दगडावर आपटत होती. सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, खांद्यावर दोरीचं भेंडोळं. मी सरळ दाढीकडे गेले आणि दोन्ही हात जोडले.

"नमस्कार सर. उद्या आमच्या शिबिरात दोन शब्द बोलाल का? आमच्या मुलींना खराखुरा शास्त्रज्ञ बघायला मिळेल."

गृहस्थ गडबडले. "मॅडम, मी अन्वर. गाडी चालवतो. नकाशा भिजला, तो बॉनेटच्या उबेवर वाळत घातलाय. सर म्हणजे त्या."

बूट आपटणारी हसली. "मी मृणाल. डोंगरांचं बघते. नेहमीचं आहे हे, मनावर घेऊ नका."

संगीता दोन पावलांवर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि वाटेला लागली. हसली असती तर बरं झालं असतं.

चढण सरळ छातीवर येणारी. कातळावरून पाणी वाहत होतं. एका वळणावर माझी चप्पल ओढ्यात गेली आणि पुढची वाट मी तुकारामदादांची चप्पल घालून चढले. ते अनवाणी माझ्यापेक्षा जोरात चालत होते. मृणाल दर दहा पावलांवर थांबायची, उताराकडे बघायची, झाडांकडे बघायची. एका ठिकाणी सगळी झाडं दरीकडे कललेली होती. तिथे ती जरा जास्त वेळ थांबली आणि मग बोलायची बंद झाली. अन्वरभाई तिची पेटी डोक्यावर घेऊन मागून येत होते.

वर अकरा घरं होती. पहिलंच घर संगीताचं. अंगण बघून मी थक्क झाले. एवढ्या पावसात पडवी सारवून आरशासारखी केलेली, उंबऱ्याला हळदकुंकू, आणि मधोमध वाड्यावरची एकुलती एक खुर्ची, तिच्यावर नवी घोंगडी. संगीताची सासू ठकूबाई पुढे आली, अन्वरभाईंचा हात धरला आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

"अवो आजी, मी..."

"बसा सायेब. लांबनं आलात."

संगीता म्हणाली, "आत्या, सायेब त्या बाई हायेत."

"गप गो. ती पोरगी?" ठकूबाईने मृणालकडे पाहिलं. "ती नर्स आसंल."

आणि खरंच, दोन बायका कडेवरची मुलं घेऊन मृणालपुढे उभ्या राहिल्या, डोस पाजायला. मृणालने एका मुलाच्या गालाला हात लावला आणि विचारलं, "भेग कुठे आहे?"

उत्तर ठकूबाईने खुर्चीकडे बघून दिलं. "बुजवली ना सायेब! तुमी येनार म्हटल्यावर घर काय फाटकं दाखवायचं? सूनबाईनं काल सगळी माती भरून वर चांगलं सारवून घेतलंय. मागच्या उतारावरची भेग पन पोरांनी दगडमाती घालून बुजवली. दार घासत व्हतं, ते मी तासून घेतलं."

आमच्या ठाण्यात पाहुणे यायचे झाले की भिंतीवरच्या ओलीच्या डागावर कॅलेंडर टांगतात. त्यामुळे मला हसायचा अधिकार नव्हता, आणि हसू येतही नव्हतं. कारण मृणाल पायरीवर मटकन खाली बसली होती.

"ताई," ती मला हळू आवाजात म्हणाली, "डोंगराला भेगा असतातच. माझं काम एवढंच सांगायचं की ही भेग थांबलेली आहे की चालते आहे. त्यासाठी आधी किती होती ते कळायला हवं. आता सगळं पुसलंय. नव्याने खुणा ठोकून मोजायचं तर चार-पाच दिवस लागतील." तिने उताराकडे पाहिलं. "आणि तेवढे दिवस आहेत की नाहीत, तेच मला माहीत नाही. उगाच अकरा घरं भर पावसात खाली नेली आणि काही झालं नाही, तर पुढच्या वेळी कुणी हलणार नाही."

पडवीत सात मुलं मांडी घालून बसली होती. पाहुण्यांसमोर म्हणायचं गाणं पाठ करून ती वाट बघत होती, कधी म्हणायला सांगतात याची.

मृणालने संगीताला विचारलं, "तू इथेच असतेस ना? भेग सुरुवातीला किती रुंद होती?"

संगीताने माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "मला काय ठाव नाय. मी शिकलेली नाय त्यातलं."

तिला ठाऊक होतं. ते मला तिच्या खालच्या ओठावरून कळलं, तेवढी वर्षं मी वर्गात काढली आहेत. तिला ठाऊक होतं आणि ती बोलणार नव्हती, कारण सोमवारी ती तीस बायकांसमोर एकदा बोलली होती. ही माझी करणी होती.

सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "संगीता, सोमवारी मी तुला हसले. चुकलं माझं. तू खरं विचारत होतीस आणि मी नवस बोल म्हणाले. आणि आज सकाळी खाली मीच दाढी बघून नमस्कार घातला, तू बघितलंस. मला यातलं काही कळत नाही. तुला जे माहीत आहे ते त्यांना सांग. चूक असलं तरी सांग."

ती पायाच्या अंगठ्याने सारवण कोरत राहिली. पाऊस पत्र्यावर एवढा जोरात होता की ती बोलली ते आधी ऐकूच आलं नाही.

"बाई, मोजलेलं नाय मी. म्हंजे पट्टीनं नाय."

"मग?"

"माती किती लागली ते ठाव हाय."

मृणाल उठून तिच्याजवळ आली. "सांग."

"दर शनवारी सारवते मी. आखाडात पयल्यांदा दिसली तवा ओंजळभर मातीत बुजली. पुढच्या शनवारी दोन ओंजळी. मग पाव घमेलं. मग अर्धं. गेल्या शनवारी अख्खं." तिने दरीच्या बाजूला हात केला. "आन् काल दीड. तरी खालनं कोनीतरी वढल्यागत माती जातच व्हती. दाराच्या अंगाला कमी जाते, दरीच्या अंगाला जास्त."

"शनिवारी एक भरलं आणि बुधवारी पुन्हा दीड? चार दिवसांत?"

"व्हय."

मृणालने पेन्सिलीने वहीत पाच-सहा आकडे एकाखाली एक लिहिले आणि खाली रेघ मारली. मग ती पडवीत पालथी झोपली, गाल जमिनीला लावून, आणि बॅटरी आडवी धरली. मुलांना वाटलं खेळ आहे, त्यातली दोघं तिच्या शेजारी पालथी पडली. दरीच्या बाजूला, कालच्या सारवणात, केसाएवढी एक रेघ भिंतीपासून भिंतीपर्यंत गेली होती.

ती उठली तेव्हा तिच्या गालाला शेण लागलं होतं. "आज खाली जायचं," ती म्हणाली. "सगळ्यांनी. आत्ता."

ठकूबाईने खुर्चीकडे वळून विचारलं, "सायेब काय म्हनतात?"

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी अन्वरभाईंच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "तुम्हीच सांगून टाका ना. तुमचं ऐकतील." गावोगाव फिरून मी ज्याच्याविरुद्ध बोलत आले त्याचीच मला त्या क्षणी गरज लागली होती. अन्वरभाईंनी मृणालकडे पाहिलं. ती म्हणाली, "कुणीही सांगा, पण लवकर."

अन्वरभाई खुर्चीतून उठले. "आजी, मी गाडीवाला हाय. मला डोंगरातलं कळत नाय. पन माझी पोरं हितं असती तर मी थांबलो नसतो."

ठकूबाईचा चेहरा ताठ झाला. फसवल्यासारखं वाटलं असावं तिला. "एका रेघेपायी घर सोडायचं? सारवन वाळलं की तडकतंच. जलम गेला माझा सारवन्यात."

"आत्या," संगीता खाली बसली. "वाळून तडकलं तर जाळी पडते. सगळीकडं पडते. ही एकच रेघ हाय. आन् वाळलंय कुठं? हात लावा."

ठकूबाई गुडघ्यावर हात ठेवत खाली बसली. तिने तळवा सारवणावर ठेवला, दाबला, उचलून बघितला. ओला होता. मग तिने बोट त्या रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, हळूहळू. मी तिच्या बोटाकडे बघत होते.

"म्हशी कुठं बांधू?" तिने विचारलं.

हा खरा प्रश्न होता. खालच्या गावात भात पोटरीला आलेलं. या दिवसांत धनगरांची म्हैस शेतात शिरली की गावात भांडण ठरलेलं, हे मला येताना तुकारामदादांनीच सांगितलं होतं. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

"माझ्या पडवीला बांधा," ते म्हणाले. "भाताचं मी बघतो."

पुढचे तीन तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. म्हशी उतारावर पाय टाकायला तयार नव्हत्या. एका म्हातारीला झोळीत घालून नेलं. ठकूबाईने तुपाचा डबा आणि देव तेवढे पदरात बांधले आणि निघताना सवयीने उंबऱ्यातला केर लोटून बाहेर टाकला. मी एका मुलीला पाठुंगळी घेतलं होतं. ती माझ्या कानात गाणं म्हणत होती, कारण वर कुणीच म्हणायला सांगितलं नव्हतं. मागे दगड घरंगळल्याचा आवाज आला की सगळे एकदम थांबायचे. मृणाल सगळ्यात शेवटी होती, दर वळणावर माणसं मोजत. खाली शाळेत पोचल्यावर तिने पुन्हा मोजली, आणि मग कोपऱ्यात जाऊन ढसाढसा रडली. अन्वरभाईंनी तिला चहा आणून दिला.

काहीजण त्याच संध्याकाळी कुरकुरायला लागले होते. पाऊस ओसरला होता आणि डोंगर शांत दिसत होता. "उद्या सकाळी जाऊ परत," एकजण म्हणाला. मला त्याचा राग आला, आणि मनातल्या मनात मीही तेच म्हणत होते, याचाही राग आला.

शुक्रवार, महाड

शिबिराचा शेवटचा दिवस. संगीता नव्हतीच. मी काहीतरी शिकवत होते, काय ते आठवत नाही. अकरा वाजून गेले असतील. फोन वाजला, अन्वरभाईंचा होता.

"मॅडम, गेलं. संगीताचं घर गेलं. मागची आणखी दोन गेली. पाऊस पन नव्हता, नुसतं झालं."

"माणसं?"

"सगळी खाली. मोजली. दोनदा मोजली."

मी हॉलच्या पायरीवर बसले. अकरा म्हणजे बालवाडीत खिचडी वाढायची वेळ. सात ताटल्या, सात मुलं, दरीच्या अंगाला रांगेत. मला तेवढंच दिसत राहिलं. बायका भोवती जमल्या आणि काय झालं विचारू लागल्या. मी सांगितलं, सोमवारपासूनचं सगळं, माझ्या नमस्कारासकट. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

ठाण्याला परतल्यावर

चित्रांचा गठ्ठा माझ्या कपाटात आहे. दाढीवाला खुर्चीत बसलेला आहे आणि कोपऱ्यात माझी लाल अक्षरं आहेत. ती खोडता येत नाहीत, मी करून पाहिलं, कागद फाटायला लागला. आता हा खेळ खेळावा की नाही ते ठरलेलं नाही. खेळलेच तर पहिलं चित्र मी माझं काढून दाखवीन, बॉनेटवर वाळत घातलेल्या नकाशासमोर हात जोडून उभी असलेली मी.

गेल्या आठवड्यात संगीताचा फोन आला. गावाच्या शिवारात, तुकारामदादांच्या पडीक तुकड्यावर वाड्याला तात्पुरत्या खोल्या बांधून दिल्या आहेत. जमीन मातीचीच आहे. म्हशी अजून दादांच्याच पडवीत आहेत, आणि एकीने भात खाल्लंच, त्यावरून व्हायचं ते भांडण झालं. बालवाडी सुरू झाली आहे. मुलं वरच्या घराचं विचारतात.

"आणि तू कशी आहेस?" मी विचारलं.

"बरी हाय बाई. काल पयल्यांदा सारवलं." मग म्हणाली, "अर्धं घमेलं लागलं, सगळीकडं सारखं. आता दर शनवारी वहीत लिवनार हाय. मृणालताईंना पाठवायचंय."